इलेक्ट्रिशियनचे प्रमाणपत्र: खर्च कशाचा आणि परतावा केव्हा

मित्रहो, दहावीचा निकाल लागला की नागपुरात आणि आसपासच्या काटोल, उमरेड, कामठीच्या घरांतून एकच विचार सुरू होतो. मुलाला आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला घालावे, की ओळखीच्या एखाद्या वायरमनच्या हाताखाली आत्ताच कामाला लावावे? मी विद्युत ठेकेदार म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. दोन्ही वाटांनी आलेली मुले माझ्या हाताखाली शिकली, म्हणून या प्रश्नाचा हिशेब तुमच्यासमोर मांडायला मी उभा आहे.

पालक खर्च विचारतात तेव्हा त्यांच्या मनात फी असते. शासकीय आयटीआयमध्ये फी हा खर्चाचा लहान भाग आहे, मोठा भाग बुडालेल्या मजुरीचा आहे. हाताखालच्या मुलाला रोज चारशे रुपये मिळतात आणि महिन्यात चोवीस दिवस काम लागते असे धरू या. महिन्याचे ९,६०० रुपये झाले आणि दोन वर्षांचे २,३०,४००. यात बसचा पास, डबा आणि बाहेरगावच्या मुलासाठी खोलीचे भाडे मिळवा. आता प्रमाणपत्रानंतर त्याची कमाई बिनप्रमाणपत्राच्या सोबत्यापेक्षा महिन्याला चार हजारांनी जास्त झाली, तर नुसती बुडालेली मजुरी भरून निघायला पावणेपाच वर्षांच्या वर लागतात. फरक आठ हजारांचा असेल तर अडीच वर्षांच्या आत काम होते. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या वस्तीतला मजुरीचा दर तुम्ही घाला. पण हिशेब या रीतीनेच करा, कारण ज्या घरात वडिलांची रोजी अनिश्चित आहे, त्या घराला ही दोन वर्षे फार जड जातात, आणि तसे वाटणाऱ्या बापाला मी कधीच अडाणी म्हणणार नाही.

मग फरक चार हजारांचा राहणार की आठ, हे कशावर ठरते? माझ्या अनुभवात ते परवान्यावर ठरते. घरातला दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलणे कोणीही करू शकतो. मात्र जागेच्या विद्युत मांडणीत भर घालणे, फेरफार करणे किंवा दुरुस्ती करणे हे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनच्या हातूनच व्हावे, असे १९५६ च्या विद्युत नियमांतला नियम ४५ सांगत होता, आणि पुढे २०१० व २०२३ च्या केंद्रीय विनियमांनीही हीच चौकट ठेवली. नव्या जोडणीसाठी महावितरणला चाचणी अहवाल द्यावा लागतो, आणि त्यावर ठेकेदाराची सही लागते. ज्याच्या नावावर परवाना नाही, तो कितीही कुशल असला तरी आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीखाली राबतो आणि सहीचे पैसे दुसरा घेतो. प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून दिले तर ते दोन वर्षे वाया गेल्यासारखेच आहे; त्याच्या जोरावर शिकाऊ उमेदवारी करून वायरमनचा परवाना आणि पुढे पर्यवेक्षकाचा, अशी पायरी चढली तरच ते फळते. शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याखाली होते आणि तिच्यात विद्यावेतन मिळते. शिवाय दोन वर्षांच्या आयटीआयनंतर अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट उघडी असते.

नोकरीचेही सांगतो. महावितरणच्या २०२३ च्या विद्युत सहायक जाहिरातीत पहिल्या वर्षी १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,००० आणि तिसऱ्या वर्षी १७,००० रुपये एकत्रित मानधन होते, आणि पात्रतेसाठी आयटीआयचे वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्री (वायरमन) प्रमाणपत्र लागत होते. जागा थोड्या आणि अर्ज फार, म्हणून एकट्या सरकारी नोकरीवर हिशेब बांधू नका. कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रे, बुटीबोरी आणि हिंगण्याचे कारखाने, घरांवर बसणारे सौर पॅनेल हे सर्व मिळून हाताला काम देतात.

आता जे पैशात मोजता येत नाही, त्याविषयी थोडे. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि घरोघरी कूलर चालू होतात. लोखंडी पत्र्याचा कूलर, टाकीत पाणी, त्यात बुडालेला पंप. पंपाच्या वाइंडिंगचे, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचे, इन्सुलेशन (वीज अडवणारे आवरण) खराब झाले की फेज, म्हणजे तारेतली वीज, पाण्यात आणि पत्र्यावर उतरते. अर्थिंग, म्हणजे पत्र्यापासून जमिनीत जाणारी तार, नसेल तर एमसीबी, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारी कळ, पडत नाही, कारण त्या गळतीचा प्रवाह तिच्या क्षमतेच्या आसपासही जात नाही. अशा वेळी ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून पाणी भरणाऱ्या बाईचा हात पत्र्याला लागला तर तो धक्का जीवघेणा ठरू शकतो. तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखणारी कळ, अशा वेळी क्षणार्धात वीज तोडते. माझ्या एका साथीदाराने वर्षानुवर्षे पंप बदलले, पण अर्थिंग का हवे ते त्याला कोणी समजावले नव्हते. टेस्टर पेटला म्हणजे सर्व ठीक, एवढेच त्याचे शास्त्र होते. वर्गात ओहमचा नियम शिकून, मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजण्याचे यंत्र, हातात घेऊन काम केलेला मुलगा कूलरचा प्लग लावण्याआधी पत्रा आणि अर्थिंगची तार यांच्यातला जोड कुठे तुटलेला नाही ना, हे तपासतो. ही सवय मला फार मोलाची वाटते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने खासगी वर्गाला मोठी रक्कम भरून सहा महिन्यांचा छापील कागद घेतला होता, आणि तो परवान्याच्या अर्जाला चाललाच नाही. त्याच्या आईने त्यासाठी गळ्यातली पोत गहाण ठेवली होती, हे आठवले की मला आजही वाईट वाटते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी तोंडाने विचारा आणि उत्तर लेखी घ्या: प्रमाणपत्र राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आहे का, कार्यशाळेत रोज किती तास प्रत्यक्ष काम होते, आणि मागच्या तुकडीतल्या किती मुलांना वायरमनचा परवाना मिळाला.