खानदेशी हवालदार

[केळीची बाग, बांधावर मोटारसायकल आडवी लावून उभा असलेला हवालदार]

हा खरा हवालदार नाही बरं का. जळगाव जिल्ह्यात अहिराणी कॉमेडीचं शूटिंग चाललंय, अन् खाकीतला हा भाऊ एरवी याच बागेत पाणी भरतो. डायलॉग ऐका.

"गाडीना कागद दखाड!"

"कागद घर शेतस साहेब. तुम्हीन मन्हा मामाना गावना ना?"

झालं, इथंच हवालदार गार. मामाच्या गावचा माणूस निघाल्यावर पावती कशी फाडणार?

[टेलरचं दुकान, मशीनवर खाकी बाही]

आता हा ड्रेस नीट बघा. पहिल्यांदा पोरांनी हौसेनं खांद्यावर दोन स्टार लावले होते, तर टेलरकाका म्हणे अरे हा तर फौजदार झाला, हवालदाराला बाहीवर तीन पट्ट्या लागतात. मग पिवळी फीत आणली, तिरपी कापली, अन् व्ही सारखी एकाखाली एक टाचली, पहिली बाही वाकडी झाली म्हणून उसवली, परत शिवली. टोपी भाड्याची, काठी घरची, शिट्टी शाळेच्या पीटीच्या सरांची. कुणाला फसवायला असा ड्रेस घातला तर गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २०५, त्यामुळे सीन ओके झाला की ड्रेस आधी पिशवीत, टपरीवर चहाला पण साध्या शर्टात जायचं.

[रात्रीचा तमाशा, ढोलकी, फडावर हवालदार]

लोकांना वाटतं यूट्यूबवाल्यांनी हे पात्र सिनेमातून उचललं. माझ्या मते नाही, हा माणूस तमाशातल्या वगातला, म्हणजे त्यातल्या नाटकातला आहे. राजाला भिणारा, प्रधानाला टोमणे मारणारा, बाई दिसली की ड्युटी विसरणारा. दादा कोंडक्यांनी 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात तोच हवालदार रंगवला अन् १९७५ मध्ये 'पांडू हवालदार' करून पडद्यावर आणला, सोबत अशोक सराफ. अन् हिंदीत त्याच्या दोनच वर्षं आधी 'जंजीर' मधला अमिताभचा इन्स्पेक्टर विजय आला होता, कायम संतापलेला. तिथून हिंदीवाल्यांनी इन्स्पेक्टर धरला तो धरलाच. जगदीश राज यांनी तर १४४ सिनेमांत पोलीस इन्स्पेक्टर केला, गिनीज बुकात नाव आहे! हवालदार मात्र मागे जीप पुसत राहिला.

[गोठ्याचं दार, लाथ मारणारी पोरं]

'सीआयडी' १९९८ ला सुरू झाली, शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न अन् दार तोडणारा दया. २०११ ला 'सिंघम' आला, बाजीराव सिंघम, मराठी माणूस, पण त्याची एंट्री बघून आमच्या हवालदाराला घामच फुटेल. खऱ्या क्लिपा टाकल्या तर कॉपीराइट येतो, म्हणून गावातल्याच पोरांकडून सीन करून घेतला. तीन लाथा मारल्या, दार काही तुटलं नाही, कडी निघून आली अन् आतली म्हैस बिथरली ती वेगळीच. हे सगळं बघून पोरांना पोलीस म्हणजे लाथ अन् गोळी वाटायला लागतं, पंचनामा, पुरावा, कोर्ट कुणालाच नको असतं, असो.

[पारावर मोबाईलवर व्हिडिओ बघणारी मंडळी]

इथं लोक कशावर हसताय बघा. हवालदाराला बायकोचा फोन येतो, येताना भरताची वांगी आणा, अन् समोर चोर उभा. चोरच म्हणतो, साहेब, बामणोदची घ्या. असला पोलीस मुंबईतला रायटर लिहील का? मला नाही वाटत.

[वहीतली स्क्रिप्ट, पेन, चहाचा ग्लास]

बाई पोलीस मात्र अजून यांच्या एकाही व्हिडिओत नाही. दूरदर्शनवर १९८९ लाच 'उडान' ची कल्याणी सिंह आयपीएस झाली होती, आपण अजून तिथंच. पुढच्या भागात बाई फौजदार लिहिलीय, चांगली डांबरट लिहिलीय, अहिराणीत झापणारी. कॉलेजातली एक पोरगी तयार आहे, डायलॉग पण पाठ झालेत, फक्त घरून होकार यायचाय, त्यासाठी टेलरकाकाच जाऊन बोलणार आहेत.