व्हाळाच्या अलीकडची शाळा

नमस्कार मंडळी.

रेडिओवर बोलायचं म्हणून आज पहाटे वस्तीची एसटी धरली, तर वाटेत एका मोरीवर पाणी आलं आणि गाडी पाऊण तास तिथेच उभी. कंडक्टर म्हणाला, "ओसारतला पाणी, बसा." बसलो. पाणी बघत बसायचंच वय आहे माझं. पण मागच्या सीटवर हायस्कूलच्या चार मुली होत्या, त्यांचा पहिला तास गेला. आज मला बोलायचंय ते याच पाण्याबद्दल आणि शाळेच्या हद्दीबद्दल.

मी ३२ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली, त्यातली १८ द्विशिक्षकी शाळांत. आता निवृत्त आहे, तरी कुठे शाळेची मीटिंग असली की कोणीतरी हाक मारतंच, "गुरुजी, येवा जरा." गेल्या महिन्यात अशीच एक हाक आली. देवगड तालुक्यातलं गाव. नाव सांगत नाही, कारण त्या लोकांच्या ओटीवर मला पुन्हा चहा प्यायचाय.

गावात वाड्या तीन, मराठी शाळा दोन. वरच्या वाडीची शाळा सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ माळावर, डांबरी रस्त्याला लागून, सातवीपर्यंत, पट ५८. खालच्या वाडीची शाळा खाडीच्या अंगाला, चौथीपर्यंत, पट १२. मधली वाडी या दोहोंच्या मध्ये, तिला शाळा नाही. तिच्यातली ५ मुलं खाली येतात, ९ वर जातात. का? कारण मधल्या वाडीच्या पोटातून व्हाळ, म्हणजे ओढा, जातो. व्हाळाच्या अलीकडची घरं खालच्या शाळेची, पलीकडची वरच्या शाळेची. ही हद्द कोणा साहेबाने आखलेली नाही. पावसाने आखली, आणि तीन पिढ्या ती कोणी मोडली नाही.

आता प्रस्ताव असा आला की खालची शाळा वरच्या शाळेत मिळवावी.

हा प्रस्ताव एकट्या या गावाचा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांचं पत्र निघालं, की २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून मोठ्या 'समूह शाळा' करता येतील का, याचे प्रस्ताव द्या. नमुन्यादाखल नंदुरबारकडचं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत. राज्यात अशा १४,७८३ शाळा आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं, असे आकडे तेव्हा वर्तमानपत्रांत आले. तेव्हापासून 'वीसच्या आतली' हा शब्द आमच्याकडे एखाद्या दुखण्यासारखा बोलला जातो. तुमची किती? आमची वीसच्या आतली. बरं, काळजी घ्या.

आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं, शाळा बंद केली म्हणून, बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली होती. 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' म्हणत. आपण कोकणातले लोक बकऱ्या नेत नाही. आपण मीटिंग लावतो.

तर मीटिंग शाळेच्या पडवीत. कायदा म्हणतो शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक हवेत आणि निम्म्या बायका. आमच्याकडे बापे मुंबईला, त्यामुळे हा कायदा आपसूक पाळला जातो. बायकाच बायका. तीनचार चाकरमानी मोबाईलवर, विरार-नालासोपाऱ्याहून, कोणाचा चेहरा दिसतोय तर कोणाचा नुसता पंखा. पोषण आहाराची खिचडी नुकतीच उतरवलेली, तिचा वास. शिक्षण खात्याच्या साहेबांनी आणलेला नकाशा बाकावर पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार डस्टर.

मला वाटलं होतं भांडण होईल ते गाव आणि साहेब यांच्यात. तसं झालं नाही. भांडण झालं वाड्यावाड्यांत.

खालच्या वाडीने हिशोब मांडला: आमचा पट १२. मधल्या वाडीची पलीकडची ९ मुलं आमच्यात लिहा. १२ आणि ९ किती? २१. विषय संपला, शाळा वाचली.

मधल्या वाडीच्या बायका उसळल्या. का म्हणून? वर सात वर्ग आहेत, बाई आहेत, गुरुजी आहेत, खो-खोची टीम तालुक्याला जाते. तुमची शाळा वाचवायला आमची पोरं का? एक सून तर हळू आवाजात जे बोलली त्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. ती खालच्याच शाळेची पालक, व्हाळाच्या अलीकडची. म्हणाली, "माझा चेडू तिसरीत एकटाच आसा. वर्गात पयला येता. शेवटचा पण ताच येता."

हसलो सगळे. मग हसू थांबलं.

मंडळी, इथे मला एक कबुली द्यायची आहे. लहान शाळा बंद करू नका म्हणणाऱ्यांत मी नेहमी पुढे असतो. पण त्या मुलीसारख्या मुलांना शिकवणारा मास्तर मीही होतो. नियमाने ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. दोघांत एक तालुक्याच्या मीटिंगला, प्रशिक्षणाला नाहीतर कसली तरी माहिती ऑनलाइन भरायला गेला, की उरलेल्या एकाकडे चार वर्ग. मी फळ्यावर खडूने तीन उभ्या रेघा मारायचो. पहिलीला मुळाक्षरं, दुसरीला बेरजा, तिसरीला उतारा, चौथीला गुणाकार. पहिलीचं पोर रडलं की चौथीचा गुणाकार तिथेच. तिसरीतल्या एकट्या पोराच्या वाट्याला दिवसातून माझी चाळीस मिनिटंही यायची नाहीत. आणि मैदानावर तो कोणाशी खेळणार? एकट्याने लंगडी घालता येते, लंगडीचा डाव खेळता येत नाही. तेव्हा वरच्या शाळेत जायचं म्हणणारी आई शाळेची वैरी नाही, हे मी त्या मीटिंगमध्ये बोललो. खालच्या वाडीतल्या दोघी माझ्याशी अजून धड बोलत नाहीत.

मग साहेब नकाशावर बोट ठेवून म्हणाले, हे बघा, या शाळेपासून त्या शाळेपर्यंत ८०० मीटर. एक किलोमीटरच्या आत आहे. नियमात बसतं.

साहेब माणूस चांगला. पायात चिखलाने भरलेल्या चपला होत्या, म्हणजे गाडी वर ठेवून पाखाडीच्या पायऱ्या उतरून आलेला. पण त्याचं बोट पक्ष्यासारखं सरळ गेलं.

एक म्हातारी दाराशी बसली होती, नातवाला न्यायला आलेली. तिने मान लांब करून नकाशा बघितला आणि विचारलं, "साहेबांनू, तुमच्या नकाशात आमचो व्हाळ खंय दिसता?"

दिसत होता, निळी बारीक रेघ होती. पण आजीचा प्रश्न रेघेचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ती वाट चाललो. दुसरीतला एक मुलगा बरोबर घेतला, त्याच्या आईला सांगून. खालच्या शाळेपासून निघालो. आधी माडांच्या कुंपणांमधून निघणारी अरुंद वाट, ती सरळ. मग पाखाडी. जांभ्याच्या पायऱ्या, शेवाळलेल्या, दोन पायऱ्यांमधली उंची त्या पोराच्या गुडघ्याएवढी. तो उतरताना बसून उतरतो तसा चढताना हात टेकून चढला. दप्तराला वरून खताच्या पिशवीचं प्लास्टिक. मग काजूची बाग, तिच्या कडेला गव्यांच्या खुरांचे ठसे. ते त्यानेच मला दाखवले, आपल्या आळीतला कुत्रा दाखवावा तसे. मग व्हाळावरचा साकव, म्हणजे छोटा पूल. दोन माडांची खोडं होती पूर्वी, आता सिमेंटचा आहे, पण कठडा एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूचा कठडा एका पावसात गेला तो गेलाच. पुढे सडा. तिथे वारा असा की त्याची छत्री उलटी झाली, आणि त्याने ती मिटून काखेत मारली, भिजत चालायला लागला. सराईत. सड्यावर चालताना तो पायांकडे बघत चालतो, का विचारलं तर म्हणाला, "फुरसा." विषारी साप, उघडिपीला दगडावर येऊन बसतं ते.

घड्याळ लावून ५५ मिनिटं. मोबाईलमध्ये अंतर आलं २ किलोमीटर ३००. साकवावरून पाणी गेलं की ती वाट बंद, मग डांबरी रस्त्याने वळसा, तो ६ किलोमीटर. आणि साकवावरून पाणी किती दिवस जातं? शाळेच्या हजेरीत बघा, जुलैमध्ये कळतं. आपल्याकडे वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो बाराही महिन्यांत वाटून पडत नाही.

गंमत अशी की कायद्याला हे माहीत आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. पहिली ते पाचवीला १ किलोमीटर, सहावी ते आठवीला ३ किलोमीटर, हे सगळ्यांना पाठ. पण केंद्राच्या २०१० च्या नियमावलीत शब्द आहे तो 'चालत जाण्याचं अंतर'. चालत. पुढे असंही लिहिलंय की जिथे दरडीचा, पुराचा धोका आहे, रस्ता नाही, वाटेत लहान मुलांच्या जिवाला भय आहे, तिथे ही मर्यादा आणखी कमी करून शाळा अशी ठेवावी की तो धोकाच टळेल. आणि हद्दीत शाळा नसेल अशा लहान वस्तीच्या मुलांसाठी मोफत गाडी किंवा निवासाची सोय करावी. मी हे मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं होतं तेव्हा आजी म्हणाली, "मगे ह्या लिवणारो कोकणातलोच असतलो."

गाडीचं म्हणाल तर प्रस्तावात गाडी होती. मॅजिक गाडी, ठेक्याने. मीटिंगमधल्या एका बाईने एकच विचारलं: गणपतीच्या आदल्या आठवड्यात स्टेशनवरून चाकरमान्यांचं भाडं मिळत असताना हा मॅजिकवाला आमच्या पोरांना नेईल? मॅजिकवाला तिथेच होता, तिचा दीर. तो काही बोलला नाही.

माझी एक भाची अमेरिकेत, न्यू जर्सीला असते. तिला फोनवर हे सांगत होतो तर म्हणाली, मामा, आमच्याकडेही हेच चाललंय. तिथे घर कुठे त्यावर सरकारी शाळा ठरते. रस्त्याच्या या बाजूची घरं या शाळेची, त्या बाजूची त्या. रेघ हलवायची म्हटली की स्कूल बोर्डापुढे सुनावणी, पालक माइकसमोर रांगेने. त्या रेघेवर घरांच्या किमती हलतात म्हणे. मी विचारलं, आणि पाणी? पाणी कसलं, म्हणाली, पिवळी बस येते ना.

असो. परत पडवीत येतो, कारण खरी गोष्ट नंतर घडली.

खालच्या वाडीचा तो २१ चा हिशोब आठवतोय ना? त्यात एक गोम होती आणि तासभर ती कोणाच्या लक्षात आली नाही. व्हाळापलीकडची ९ मुलं खालच्या शाळेत घ्यायची, म्हणजे जुलैत तो साकव त्यांनी ओलांडायचा. आपल्या मुलांना व्हाळ ओलांडावा लागू नये म्हणून दुसऱ्यांच्या मुलांनी ओलांडावा. हे उघड झालं ते खालच्या वाडीच्याच एका बाईच्या तोंडून. बोलता बोलता ती मध्येच थांबली, म्हणाली, "नाय वो, ता पण बराबर नाय." आणि खाली बसली. ३२ वर्षांत किती मीटिंगा पाहिल्या, स्वतःच्या बाजूचा मुद्दा असा खाली ठेवणारं माणूस फार थोडं पाहिलं.

मग आकडा परत १२ वर आला. वीसच्या आतला.

तेवढ्यात विरारहून एक बाप बोलला, तोच ज्याचा नुसता पंखा दिसत होता. म्हणाला, साहेब, पावसात मुलं खालीच राहू देत. दिवाळीची सुट्टी संपली की व्हाळ पायाच्या घोट्याएवढा असतो. तेव्हापासून मार्चएप्रिलपर्यंत वरच्या शाळेत जातील, सगळ्यांत मिसळतील, खो-खो खेळतील. जूनला परत खाली. हद्द पावसाळ्यात एक, उन्हाळ्यात एक. होड्या नाही का आपण पावसात वर ओढून ठेवतो?

पडवी गप्प. मला स्वतःला हे १८ वर्षांत सुचलं नव्हतं. तिसरीतल्या मुलीची आई पहिली म्हणाली, "चालात." मग खालच्या वाडीतूनही माना हलल्या, काही जड, पण हलल्या. खालच्या शाळेतल्या बाईंनी तेवढं विचारलं, की मग दिवाळीनंतर आम्ही दोघी कुठे? मुलांबरोबर वर, असं ठरलं.

साहेबांनी फॉर्म उलटापालटा केला. त्यात रकाना एकच, 'शाळा समायोजित करावी: होय / नाही.' महिन्याचा रकाना नाही. मी म्हटलं, समासात लिहा. ते म्हणाले, गुरुजी, संगणकावर समास नसतो. तरी कागदावर त्यांनी लिहिलं, निळ्या पेनने, समितीच्या अध्यक्षबाई सांगतील तसं. आडवी जागा संपली तेव्हा कागद फिरवून उभं लिहिलं. सगळ्यांच्या सह्या त्याखाली, दोन अंगठे.

तो कागद तालुक्याला गेलाय. उत्तर यायचंय. काल संध्याकाळी खालच्या शाळेतल्या बाईंचा फोन होता, साकवावरून सकाळपासून पाणी जातंय. १२ पैकी ११ आली होती. एकाला ताप.