दोराचं दुसरं टोक

नमस्कार. आज समोर पालक जास्त आहेत, काही शिक्षक आहेत, आणि मागच्या रांगांत ज्यांना लवकरच निघायचं आहे ती मुलंमुलीही बसली आहेत. विषय तुम्हाला ठाऊक आहे: विद्यार्थ्याने घरापासून लांब, डोंगरात किंवा पाण्याकाठी, अनोळखी सोबत्यांबरोबर काढलेला एक आठवडा. अशा शिबिराच्या माहितीपत्रकावर बहुतेक वेळा कड्यावरून दोराने उतरणाऱ्या मुलाचा फोटो असतो. भांडी घासणाऱ्या मुलाचा फोटो मी तरी अजून पाहिलेला नाही. माझं म्हणणं असं आहे की कडा उतरणं आणि भांडी घासणं हे एकाच शिक्षणाचे भाग आहेत, आणि त्यांची ताटातूट केली की दोन्ही वाया जातात.

दोरापासूनच सुरुवात करतो. प्रस्तरारोहणात चढणाऱ्याच्या हार्नेसला, म्हणजे कमरेभोवतीच्या मजबूत पट्ट्यांना, दोर बांधलेला असतो. त्याच दोराचं दुसरं टोक बिलेच्या, म्हणजे दोर अडवून धरायच्या, उपकरणातून घेऊन खाली कुणीतरी उभं असतं. वरचा निसटला तर त्याला अडवणं हे खालच्याचं काम. चढायच्या आधी दोघं एकमेकांची गाठ, बकल आणि कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं, कुलूप तपासतात. माझी गाठ तू बघायचीस, तुझी मी. मग खाली उभ्या असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, सांगितलं जातं की आता याची जबाबदारी तुझ्याकडे, लक्ष ढळू देऊ नकोस. अर्थात प्रशिक्षक शेजारी असतो, दोराची शेपटी त्याच्याही हातात असते आणि ती असायलाच हवी. चढणाऱ्याचं धाडस सगळ्यांना दिसतं, टाळ्याही त्यालाच मिळतात. माझी नजर मात्र खालच्या चेहऱ्याकडे जाते. जिचं वर्गात लक्ष टिकत नाही अशी तक्रार असते, ती मुलगी वरचा उतरून येईपर्यंत मान वर करून, एकही शब्द इकडेतिकडे न बोलता उभी असते. तिला लक्ष द्यायला कुणी शिकवलेलं नसतं. तिच्या लक्षाची कुणाला तरी खरोखर गरज असते, एवढंच.

ही ‘खरी गरज’ हा माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे, आणि ती कल्पना माझी नाही. कुर्ट हान नावाचे जर्मन शिक्षक होते. 1920 मध्ये त्यांनी जर्मनीत सालेम इथे शाळा काढली. हिटलरला उघड विरोध केला म्हणून 1933 मध्ये त्यांना तुरुंगात टाकलं. सुटका झाल्यावर ते ब्रिटनला गेले आणि 1934 मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांनी गॉर्डनस्टन ही शाळा सुरू केली. मग युद्ध आलं. जहाजं बुडत होती. लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या लक्षात आलं की जहाज बुडाल्यावर जीवरक्षक होडीत तरणेताठे खलाशी आधी हाय खातात आणि त्यांच्याहून कितीतरी वयस्क, मुरलेले खलाशी तग धरतात. ताकद तरुणांकडे जास्त होती, पण कठीण काळात स्वतःवर आणि शेजाऱ्यावर भरवसा ठेवण्याची सवय त्यांना नव्हती. या निरीक्षणातून होल्ट आणि हान यांनी मिळून 1941 मध्ये वेल्समधल्या ॲबरडव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ या साहस-शिक्षणाच्या संस्थेची पहिली शाळा सुरू केली. अभ्यासक्रम जवळजवळ महिनाभराचा. छोट्या शिडाच्या होड्या चालवणं, डोंगरातली लांबची चाल आणि त्याबरोबरच जीव वाचवण्याचं प्रशिक्षण. हे शेवटचं विसरू नका. हान यांच्या मनात साहसाचं टोक नेहमी दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याकडे वळलेलं होतं. आज त्यांच्या विचाराचा अर्धाच भाग उचलला जातो. झिपलाइन येते, तराफा येतो, भिंत येते, आणि संध्याकाळी मुलं आयत्या ताटावर बसतात. त्याला करमणूक म्हणावं. करमणूक वाईट नसते, पण तिच्यासाठी आठवडाभर घर सोडायची गरज नाही.

त्याच्याही आधी, 1907 च्या ऑगस्टमध्ये, स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर साधारण आठवडाभराचं एक शिबिर भरवलं. वीसेक मुलं होती. काही श्रीमंतांच्या निवासी शाळांतली, काही कामगारांच्या घरांतली. त्या काळातल्या इंग्लंडमध्ये ही मुलं एका तंबूत झोपणं सहज घडणारी गोष्ट नव्हती. त्यांचे चार गट केले, प्रत्येकाला एक गटप्रमुख दिला आणि गटाची जबाबदारी गटावरच सोपवली. पुढे स्काउट चळवळ जगभर गेली, तिचा हिशेब आज मांडत नाही. मला त्यातली रचना महत्त्वाची वाटते: छोटा गट, मिसळलेली मुलं आणि हातात खरं काम.

आता एक प्रयोग जरा सविस्तर सांगतो, कारण नुसतं एकत्र ठेवलं की मुलं एकत्र होतात, हा आपला मोठा गैरसमज आहे. 1954 च्या उन्हाळ्यात मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह इथल्या शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या 22 मुलांना नेलं. दोन गट केले. सुरुवातीचे दिवस एका गटाला दुसऱ्याचा पत्ताच नव्हता. मग त्यांच्यात स्पर्धा लावल्या: बेसबॉल, रस्सीखेच, तंबू उभारणी, जिंकणाऱ्याला बक्षीस. थोड्याच दिवसांत शिवीगाळ सुरू झाली, झेंडे जाळले गेले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या. सगळी साधी, चांगल्या घरची मुलं होती ही. यानंतर संशोधकांनी त्यांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. फरक पडला नाही, जेवणाच्या वेळी तर अन्नच फेकाफेकीला वापरलं गेलं. मग शिबिराचं पाणी बंद पडलं. टाकीपासून तपासत जायचं होतं, आणि सगळ्यांनाच तहान लागली होती. पुढे एकदा अन्न आणायला जाणारा ट्रक चालू होईना. तेव्हा मुलांनी रस्सीखेचीचा तोच दोर आणला, ट्रकला बांधला आणि दोन्ही गटांनी मिळून तो ओढला. अशा काही अडचणींतून गेल्यावर वैर विरलं, आणि परतताना बहुतेकांना एकाच बसने जायचं होतं.

या प्रयोगावर गंभीर आक्षेप आहेत आणि ते मला पटतात. आपल्यावर प्रयोग होतोय हे मुलांना माहीत नव्हतं आणि भांडण मुद्दाम पेटवलेलं होतं. आज असं कुणी करू नये. पण त्यातून शिबिर चालवणाऱ्यांनी एक गोष्ट घ्यायला हवी. मुलं सोबत बसून आनंद लुटतात म्हणून त्यांचा समुदाय बनत नाही. एकट्याने न सुटणारी अडचण सर्वांची मिळून असते, तेव्हा तो बनायला लागतो. म्हणून पहिल्या दिवशी ‘ओळखीचे खेळ’ तासन्‌तास घेण्यापेक्षा मी म्हणेन, मुलांना पाणी आणायला पाठवा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. दहाजणांच्या स्वयंपाकाचं, पिण्याचं, धुण्याचं पाणी एकदा चढावरून वाहून आणलं, की सोबत्याने तोंड धुताना किती पाणी सांडलं हे न सांगता कळतं. वाद होतो. तो व्हायला हवा, आणि शक्य तोवर मोठ्यांनी त्यात पडू नये.

चालण्याचंही तसंच. डोंगरातली वाट किती वेळात संपेल याचा एक जुना अंदाज आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो 1892 मध्ये मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. हिशेब चांगला आहे, पण तो गटातल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्याला विचारल्याशिवाय केला तर चुकतो. आणि इथे एक अन्याय हमखास घडतो, जो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. वेगाने चालणारी मुलं पुढे जाऊन थांबतात, पाणी पितात, विसावतात. मागचा धापा टाकत पोहोचतो, आणि तो दिसताच पुढचे उठून चालू पडतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती दिवसभर मिळत नाही. संध्याकाळी त्याच्यावर ‘कच्चा’ असा शिक्का बसतो. उपाय सोपा आहे. त्याला वाटाड्याच्या लगेच मागे ठेवायचं, त्याच्या सॅकमधला जड भाग इतरांत वाटायचा आणि शेवटी चालायला एखादा दमदार, शांत मुलगा किंवा मुलगी द्यायची. पण हा उपाय प्रशिक्षकाने जाहीर करू नये. गटाला तो सापडेपर्यंत थांबावं. स्वतःहून ‘तुझा तंबू माझ्याकडे दे’ म्हणणारं मूल जेव्हा पुढे येतं, तेव्हा त्या आठवड्याचं सोनं झालं असं मला मनापासून वाटतं.

एक आठवडाच का, दोन दिवस का नाहीत? याला शरीराने दिलेलं एक उत्तर आहे. केनेथ राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोरॅडोच्या डोंगरांत केलेला एक छोटा प्रयोग 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. आठजण आठवडाभर तंबूत राहिले, दिवसा ऊन आणि रात्री फक्त शेकोटीचा उजेड. शेवटी तपासलं तेव्हा झोपेशी संबंधित मेलाटोनिन हे संप्रेरक त्यांच्या शरीरात सुमारे दोन तास लवकर वाढू लागलं होतं, आणि रात्री जागणाऱ्यांचं घड्याळ लवकर निजणाऱ्यांच्या जवळ आलं होतं. आठजणांवरून जगाचा नियम सांगता येत नाही, पण शिबिरात जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं. पहिल्या रात्री कुजबुज थांबत नाही. शेवटच्या दिवसांत मात्र अंधार पडल्यावर लवकरच तंबूंमधला आवाज बंद होतो, कुणाला ओरडावं लागत नाही. त्याच सुमारास, 2014 मध्ये, कॅलिफोर्नियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहावीची मुलं पाच दिवस पडद्यांशिवाय निसर्ग-शिबिरात राहिली, आणि त्यानंतर समोरच्याच्या चेहऱ्यावरच्या भावना ओळखण्यात ती शिबिराला न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त सुधारली. मोबाइल काढून घेतल्यामुळे असं झालं, की दिवसभर एकमेकांसोबत राहिल्यामुळे, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. माझ्या मते दुसरं कारण मोठं आहे.

आता पालकांसाठी, थोडं कडक वाटलं तरी. घरची आठवण येणं हा आजार नाही. घर सोडून राहणाऱ्या बहुतेक मुलांना ती येते, बहुधा पहिल्या काही रात्री. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2007 मध्ये याविषयी मार्गदर्शन दिलं. त्यात एक गोष्ट ठामपणे सांगितली आहे: ‘नाही आवडलं तर लगेच न्यायला येऊ’ असं वचन मुलाला देऊ नका. त्यातून मुलाला ऐकू येतं की आईबाबांनाच माझी खात्री नाही. मग त्याचं मन शिबिरात रुजतच नाही, ते फोनच्या वाटेकडे लागून राहतं. त्याऐवजी आधी एक-दोन रात्री नातेवाइकांकडे एकटं राहू द्या, आणि शिबिरात काय काय असेल ते मोकळेपणाने बोला. रोजच्या फोटोंचा आग्रहही सोडा. फोटोत हसू नसलं की इकडे घरी काळजी सुरू होते, आणि तिकडे प्रशिक्षक मुलांना हसायला लावत बसतो. तो वेळ त्याला दोरांकडे बघायला हवा आहे.

काळजी करायचीच असेल तर योग्य ठिकाणी करा. 22 मार्च 1993 रोजी इंग्लंडमध्ये लाइम बे इथे शाळेच्या सहलीत कनू, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्या, चालवायला गेलेले चार विद्यार्थी मरण पावले. वाऱ्याने होड्या खुल्या समुद्रात ओढल्या, आणि मदत पोहोचायला फार उशीर झाला. त्यांच्या आईवडिलांच्या दुःखातून आणि पाठपुराव्यातून 1995 मध्ये ब्रिटनमध्ये मुलांच्या साहस-केंद्रांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. म्हणून मुलाला पाठवण्याआधी विचारा: प्रशिक्षकांचं स्वतःचं प्रशिक्षण कोणतं आहे? हवामान बिघडलं तर कार्यक्रम रद्द करायचा अधिकार कुणाकडे आहे, आणि तो याआधी वापरला गेलाय का? ठरलेल्या वेळी गट परतला नाही तर कोण, किती वेळाने, काय करणार? एखाद्या मुलाने कड्यावर पाय ठेवायला नकार दिला तर काय होतं? या शेवटच्या प्रश्नावर ‘आम्ही कसंही करून सगळ्यांकडून करून घेतोच’ असं उत्तर आलं, तर पाठवू नका. ‘नाही’ म्हणण्याची मुभा नसेल तर ‘हो’ म्हणणाऱ्याने स्वतः काही ठरवलंय असं म्हणता येत नाही.

मागे बसलेल्या मुलांनो, तुमच्यासाठी थोडंच. रात्री घर आठवून रडू आलं तर तंबूतल्या कुणाला तरी सांगा; त्यालाही आठवतच असतं. जो अजिबात आवडत नाही त्याच्याबरोबर भांड्यांची पाळी आली तर ती बदलून मागू नका. शौचाचा खड्डा वीतभर खोल आणि पाण्यापासून किमान साठ मीटर लांब खणायचा असतो. ते काम कुणालाच नको असतं, तेव्हा एकदा तरी तुम्ही आपणहून कुदळ उचला. आणि बूट नवे असतील तर आजपासूनच ते घालून रोज चालायला लागा. कोरे बूट घालून पहिल्याच दिवशी टाचेला फोड आले, तर उरलेले दिवस तुमची सॅक दुसऱ्या कुणाला तरी वाहावी लागेल.