काहिलीला बघताना

नमस्कार श्रोतेहो.

बोलायचंय एका शाळेबद्दल, पण सुरुवात चुलवाणापासून करतो. आमच्या पन्हाळ्याकडच्या माणसाला रस आटल्याचा वास आला की दुसरं काही सुचत नाही. आणि हा वास मला आला कुठं? अमेरिकेत. विस्कॉन्सिन राज्यात, हेवर्ड नावाच्या छोट्या गावाजवळच्या रानात, पायाखाली बर्फ असताना.

मुलीकडे मिनियापोलिसला गेलो होतो. एप्रिलचा पहिला आठवडा. तिच्या ओळखीच्या एका ओजिब्वे कुटुंबानं आम्हाला मेपलच्या रानात नेलं. ओजिब्वे म्हणजे त्या सरोवरांच्या मुलखातले मूळ रहिवासी. रात्री पाणी गोठावं आणि दिवसा ऊन पडावं, असे दिवस आले की मेपलला रस सुटतो. खोडाला भोक पाडायचं, नळी ठोकायची, खाली बादली टांगायची. रस कसला, पाणीच. जिभेला जेमतेम गोड. चाळीस लिटर आटवा, तेव्हा एक लिटर पाक. चाळीसला एक! आपला ऊस फारच उदार म्हणायचा. काकवीसारखा पाक झाला की उतरवायचा. आणखी आटवून घोटला तर साखर. त्यांच्याकडे या महिन्याचं नावच ‘रस उकळायचा महिना’, इस्किगमिझिगे-गीझिस.

तर चुलीवर मोठी काहील. मी आदल्या रात्री चार शब्द पाठ करून गेलो होतो. काहिलीला, पातेल्याला ते म्हणतात अकिक. ‘मी ते बघतो’ म्हणजे निवाबंदान. छाती फुगवून म्हणालो, ‘‘निवाबंदान अकिक!’’

लाकडं आणून टाकणारी एक पोर, असेल सात-आठ वर्षांची, खुदकन हसली. म्हणाली, ‘‘निवाबमा.’’

मला वाटलं, उच्चार चुकला. परत म्हणालो, जरा सावकाश. निवाबंदान. तिनं आमच्या मास्तरांसारखी मान हलवली. ‘‘निवाबमा अकिक.’’

शेवटी चुलीपाशी बसलेल्या आजींनी मला सोडवलं. त्यांच्या भाषेत प्रत्येक नाम एक तर सजीव, नाहीतर निर्जीव, आणि त्याप्रमाणे क्रियापद बदलतं. पुस्तक बघितलं तर निवाबंदान. माणूस बघितला तर निवाबमा. आणि काहील? काहील सजीव. पुन्हा सांगतो, काहील सजीव! दगड सजीव, बर्फ सजीव. रास्पबेरी सजीव आणि स्ट्रॉबेरी निर्जीव.

मी विचारलं, असं का हो? आजी म्हणाल्या, तुमच्यात कसं असतं? मी म्हणालो, आमच्यात दगड तो, वीट ती आणि ढेकूळ ते. त्या म्हणाल्या, का?

श्रोतेहो, मी मुकाट्यानं चुलीत लाकूड सारलं.

त्या पोरीला नियम ठाऊक नव्हता. तिच्या कानाला चूक खुपली, एवढंच. नियम पाठ करून भाषा येत नाही, कानानं येते. हे मी रेडिओवाला म्हणून म्हणतोय असं समजा हवं तर. तिथल्या लाक कोर्ट ओरेली या ओजिब्वे वस्तीचं स्वतःचं रेडिओ केंद्र आहे बरं का, ८८.९ एफएम. गाडीत तेच लावलं होतं. आणि आपल्याकडे? ‘बाळा, डॉगी बघ, डॉगी’. कुत्र्यानं काय घोडं मारलंय कोण जाणे. असो.

तर शाळा. तिचं नाव वादूकोदादिंग, अर्थ ‘जिथं लोक एकमेकांना मदत करतात’. याच वस्तीतली, साधारण २००० सालापासूनची. सुरू झाली ती सरकारी पैशावरची सनदी शाळा म्हणून. म्हणजे फी भरायची नाही. गणित, विज्ञान सगळं ओजिब्वेतून. तयार पुस्तकं नव्हती, ती शिक्षकांनीच बसून केली. वसंतात वर्ग मेपलच्या रानात, उन्हाळा सरताना तळ्यातल्या मनोमिनवर, म्हणजे पाण्यात आपसूक उगवणाऱ्या त्यांच्या धान्यावर. मापं, तापमान, आटण्याचा हिशेब, सगळं काहिलीपाशीच शिकायचं.

हे मुद्दाम का करावं लागलं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथल्या सरकारनं या मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत घातलं आणि स्वतःची भाषा बोलली म्हणून शिक्षा केली. मग आईबापांनी पोरांशी घरातही ती बोलणं सोडलं. या भाषांना जपायचा कायदा आला १९९० साली. तोवर ती अस्खलित बोलणारे बहुतेक म्हातारे झालेले. म्हणून वर्गात शिक्षकाइतकीच आजी लागते. हे ध्यानात असू द्या, शिक्षकाइतकीच आजी.

निघताना त्या पोरीनं मेपलच्या साखरेचा एक खडा हातावर ठेवला. मी म्हणालो, ‘‘मीग्वेच’’, म्हणजे आभार. हे बरोबर आलं. खडा पार पन्हाळ्यापर्यंत जपून आणला आणि डब्यात ठेवला. घरच्यांनी परवा तो चहात टाकला. चहा बरा झाला होता, पण आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.