बाज आत येते तेव्हा

(दृश्य: पहाट. निळसर उजेडात वाळूचा उतार. एक हात वाळूवर टेकतो.)

काल दुपारी या वाळूवर अनवाणी उभं राहवत नव्हतं. आत्ता, सूर्य उगवायच्या जरा आधी, ती माठाच्या पोटासारखी गार लागते. पण वीतभर उकरून बघा. खालची वाळू कोमट आहे. कालच्या दुपारचं जे काही उरलंय, ते इतकंच.

जैसलमेरच्या पलीकडचा थरच्या वाळवंटाचा टापू. वीस-पंचवीस घरांची वस्ती, इकडे तिला ढाणी म्हणतात. नोव्हेंबर संपत आलाय. शरद सरून हेमंत लागायच्या बेतात आहे.

(दृश्य: मोकळं, निरभ्र आभाळ. पान हलत नाही.)

मे महिन्यातलं वाळवंट सगळ्यांना ठाऊक असतं. 19 मे 2016ला याच थरमधल्या फलोदीत पारा 51 अंशांवर गेला आणि देशभर बातमी झाली. नोव्हेंबरची बातमी कुणी करत नाही. दुपारी 30 अंशांच्या आसपास, पहाटे 12-13. कागदावर बघितलं तर सुखाची हवा.

पाऊस देशातून परतायला लागतो, तो याच कोपऱ्यातून. हवामान खात्याच्या हिशेबात त्याची सर्वसाधारण तारीख 17 सप्टेंबर. कोकणात तेव्हा अजून धो धो चालू असतो. म्हणजे इथल्या हवेला कोरडं व्हायला दोन महिने मिळालेत. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून धूळ उधळत येणारा वारा थकलाय. जी काही झुळूक आहे ती उत्तरेकडची, तीही नावापुरती. धूळ खाली बसलीय, आणि आभाळ धुतलेल्या काचेसारखं स्वच्छ.

त्या स्वच्छपणातच सगळी मेख आहे.

(दृश्य: सूर्यास्त. सावल्या लांबतात. घरामागून धुराची रेघ वर जाते.)

दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आभाळाकडे सोडून देते. हे सगळीकडेच होतं. पण दमट हवेतली पाण्याची वाफ त्यातली बरीच ऊब वाटेतच धरते आणि थोडी खाली परत पाठवते. ढग असतील तर मग गोधडीच. इथे ना वाफ, ना ढग. शिवाय वाळूचा स्वभावही तसाच. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्शात एक किलो कोरडी वाळू तेवढीच तापते. झटकन तापते, झटकन निवते. कणांमध्ये हवा कोंडलेली असते, त्यामुळे दिवसाची ऊब खोलवर उतरतही नाही. वाळवंटाची श्रीमंती वीतभर जाडीची. सूर्य बुडाला की उधळायला सुरुवात.

थंडी पडली, थंडी आली, असं आपण म्हणतो. इथे ती कुठूनही आलेली नसते. असलेली ऊब गेलेली असते.

(दृश्य: धुराची रेघ वर जाऊन थांबते आणि आडवी पसरते.)

हा धूर बघा. सरळ वर गेला, आणि घराच्या उंचीपेक्षा जरा वर जाऊन अडला. आता तो चादरीसारखा आडवा पसरतोय. जमिनीलगतची हवा गार होऊन जड झालीय, वरची अजून उबदार आहे. त्या उबदार थराखाली धूर अडकतो. आवाजही त्यातून खाली वळतो आणि लांबवर जातो. पहिल्या रात्री ट्रकचा आवाज इतका जवळ आला, की सगळं सामान उचलून बाजूला व्हावं असं वाटलं. रस्ता तीन किलोमीटरवर होता.

जड हवा पाण्यासारखी उताराने वाहते. टेकाडावरून दोन टेकड्यांमधल्या खोलगटात उतरलात, की आधी घोट्यांना कळतं. ओढ्यात पाय टाकल्यासारखं.

(दृश्य: अंगण. बाज उचलून भिंतीलगत ठेवली जाते.)

या गावात ऋतू बघायचा असेल तर बाज कुठे आहे ते बघावं. उन्हाळ्यात ती अंगणाच्या मधोमध, उघड्या आभाळाखाली. रात्री जरा गारवा जाणवू लागला, की भिंतीला टेकते. मातीची जाड भिंत दिवसभर ऊन प्यायलेली असते. सूर्य बुडाल्यावरही बराच वेळ पाठीला ऊब देत राहते. मग एके रात्री बाज आत जाते. आत गवताचं छप्पर आहे, आणि त्याखाली आभाळ दिसत नाही. ऊब वर गेली तरी छपरापाशी थबकते, थोडी परत येते. आभाळात ढग नसतो म्हणून माणसाने घराला एक करून दिलाय, असं मला ते छप्पर बघून वाटतं.

(दृश्य: कडक माळ. मातीत एक बुजलेलं बीळ, अगदी जवळून.)

सांड्याने वेगळी सोय केलीय. हा शेपटीवर काट्यांची वलयं असलेला, पाला खाणारा सरडा. थंडी वाढली की बिळात शिरतो आणि तोंड आतून मातीने बुजवतो. बाहेरून दिसते ती एवढीच: मूठभर ताजी, भुसभुशीत माती, आजूबाजूच्या माळापेक्षा किंचित गडद. आम्ही बोट लावलं नाही.

(दृश्य: शेत. शमीची झाडं. कोवळ्या रोपांच्या ओळी.)

बाजरी केव्हाच निघाली. धाटांमध्ये उभी आहे ती खेजडी, म्हणजे आपली शमी. जिथे विहिरीचं पाणी आहे तिथे जिरं पेरलंय. जिऱ्याला कोरडी थंडी मानवते. ढगाळ, दमट हवा राहिली की त्याच्यावर करपा पडतो, आणि फुलोऱ्यात पडला तर हातचं पीक जातं. फुलोरा अजून लांब आहे. पण आभाळाकडे बघायची सवय आत्तापासूनच.

भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारे ढग-पावसाचे पट्टे, हिवाळ्यात इथवर पोचतात. त्यांच्या पावसाला इकडे मावठ म्हणतात. मोहरीला आणि हरभऱ्याला तो हवासा, जिऱ्याला नकोसा. आणि तो सरकून गेल्यावर मागून उत्तरेचा गार वारा घुसतो. ती थंडी मात्र खरोखर कुठून तरी आलेली असते.

(दृश्य: संध्याकाळ. पश्चिमेला पातळ ढगांचा पडदा.)

आमच्या शेवटच्या संध्याकाळी पश्चिमेला ढग दिसले. पातळ, वरचे, पिंजलेल्या कापसासारखे. रात्री तारे मोजकेच होते. धूर पसरला नाही, रस्त्याचा आवाज ऐकू आला नाही. शेजारच्या अंगणात कुणीतरी बाज पुन्हा भिंतीशी आणली.

(दृश्य: पहाट. तोच उतार. हात वाळूवर टेकतो.)

पहाटे वाळूला हात लावला. वरूनच कोमट होती.

(दृश्य: दूर, जिऱ्याच्या शेताच्या बांधावर एक माणूस मान वर करून उभा. चित्र हळूहळू विरतं.)