साथीच्या काळातला सरकारी आदेश कसा वाचावा

श्रोतेहो, नमस्कार.

१८९७ साली मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं, तेव्हा इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा. घरात घुसून झडत्या, सामानसुमान जाळणं, माणसं उचलून नेणं, हे सारं पुण्याने त्या साली सोसलं. मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा महाराष्ट्राने हाच कायदा काढला, जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. पण मधल्या काळात देशाला संविधान मिळालं होतं, आणि ते साथीतही चालूच असतं.

कोविडमध्ये अनुच्छेद ३५२ खालची आणीबाणी जाहीर झालीच नव्हती. झाली असती, तरी १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीमुळे अनुच्छेद २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, स्थगित करता आला नसता. सरकारला बंधनं घालता येतात, घालावीही लागतात. मात्र त्यामागे कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि बंधन त्या हेतूला पुरेल इतकंच हवं.

म्हणून आदेश आला की आधी तो मागून घ्या. कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, क्रमांक, तारीख, मुदत कधीपर्यंत आणि सही कोणाची, एवढं बघा. सहीला फार महत्त्व आहे. दोन्ही डोस झालेल्यांनाच लोकलने प्रवास, असे आदेश २०२१ मध्ये निघाले. हा निर्णय आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालच्या राज्य कार्यकारी समितीने घ्यायचा होता. तो तत्कालीन मुख्य सचिवांनी एकट्याने घेतल्याचं मुंबई उच्च न्यायालयाला २०२२ मध्ये आढळलं, आणि ते आदेश मागे घ्यावे लागले. रुग्णाच्या दारावर पोस्टर चिकटवण्याचंही तसंच. सक्षम अधिकाऱ्याचा आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली निर्देश असल्याशिवाय पोस्टर लावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. तोवर कित्येक घरांची बदनामी होऊन गेली होती.

आता गुन्ह्याचं. आदेश मोडला म्हणून तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं. जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ आहे. आरोपीला आदेश माहीत होता, हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं. शिवाय न्यायालयाला दखल घ्यायची तर संबंधित लोकसेवकाची, त्याच्या वरिष्ठाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या दुसऱ्या लोकसेवकाची लेखी तक्रार लागते. पूर्वी ही अट फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ मध्ये आहे. नोटीस आली की वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा: अशी तक्रार कागदपत्रांत आहे का? घाईघाईत गुन्हे नोंदवले जातात तेव्हा नेमकी हीच पायरी सुटते.

कामगारांचा दाखला तर पाठ करून ठेवावा असा आहे. एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने कारखान्यांना दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ७२ तास काम घ्यायची मुभा दिली, आणि जादा कामाचा दुप्पट दरही काढून टाकला. तेव्हाच्या कारखाने कायद्याच्या कलम ५ मध्ये ‘सार्वजनिक आणीबाणी’ असा शब्द होता, त्याचा आधार घेतला. पण त्या कलमाप्रमाणे देशाच्या सुरक्षिततेला युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांततेमुळे गंभीर धोका असावा लागायचा. महामारीने तसा धोका उभा राहत नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती अधिसूचना रद्द केली आणि जादा कामाचे पैसे द्यायला लावले. साथीचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकायचा नाही, हे त्या निकालातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

लसीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२२ चा निकाल सांगतो: लस घेण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. पण समाजाच्या आरोग्यासाठी काही मर्यादा घालता येतात, त्या प्रमाणात असल्या तर.

अटक झाली तर कारण विचारा. २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं बंधनकारक आहे. आदेशच बेकायदा वाटत असेल तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइनचा क्रमांक आहे १५१००.