छत बदलायचे आहे? ठेकेदारांची अंदाजपत्रके अशी ताडून पाहा

नमस्कार. सातारा जिल्ह्यात दिवाळी उरकली आणि सुगी आवरली की घराच्या छताचा विषय निघतो. ज्यांच्या घरावर अजून मंगलोरी कौले किंवा जुना सिमेंटचा पत्रा आहे, ती मंडळी याच सुमारास दोन-तीन ठेकेदारांना बोलावून कोटेशन मागतात. कागद हातात पडले की आधी तळाची रक्कम पाहिली जाते, सर्वांत कमी रकमेच्या माणसाला होकार दिला जातो आणि मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर कळते की पन्हळ त्या रकमेत धरलेलीच नव्हती. म्हणून आज आपण तळाची रक्कम बाजूला ठेवून तिच्या वरच्या ओळी कशा वाचायच्या, हे पाहणार आहोत. उदाहरणासाठी कौले व वासे उतरवून लोखंडी कैच्या (छताचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे) उभ्या करणे आणि त्यावर कलर कोटेड पत्रा टाकणे, हे काम घेऊ.

माझे स्पष्ट मत असे आहे की ठेकेदाराला घरी बोलावण्यापूर्वी कामाचा तपशील घरमालकाने स्वतः एका कागदावर लिहावा आणि तोच कागद प्रत्येकाच्या हातात द्यावा. तसे केले नाही, तर प्रत्येक जण आपापल्या समजुतीचे छत मनात धरून आकडा सांगतो, आणि मग आपण तीन वेगवेगळ्या छतांच्या किमती एकमेकींशी ताडत बसतो. पुढे जे मुद्दे येतील, ते त्या कागदावर लिहून घेण्यासाठीच आहेत.

पहिली गोष्ट मापाची, आणि सर्वाधिक घोळ इथेच होतो. समजा, तुमचे घर ३० फूट लांब आणि २० फूट रुंद आहे, म्हणजे जमिनीवर ६०० चौरस फूट. चारही बाजूंना दोन-दोन फुटांची वळचण धरली, तर छताखालची जागा ३४ गुणिले २४, म्हणजे ८१६ चौरस फूट होते. आता आढे वळचणीपेक्षा सहा फूट उंच ठेवले, तर एका पाख्याची उतरती लांबी १२ फूट राहत नाही, ती सुमारे १३.४ फूट होते, आणि दोन्ही पाख्यांचे मिळून प्रत्यक्ष क्षेत्रफळ ९१२ चौरस फूट भरते.

[पडद्यावर: ६०० – ८१६ – ९१२]

हे तिन्ही आकडे बरोबर आहेत, कोणीही खोटे बोललेले नाही. परंतु पहिल्या ठेकेदाराने ६०० वर ३०० रुपये दर लावला, दुसऱ्याने ८१६ वर २३० आणि तिसऱ्याने ९१२ वर २०० रुपये लावला, तर एकूण रकमा अनुक्रमे १,८०,०००, १,८७,६८० आणि १,८२,४०० रुपये येतात. दर मी केवळ हिशेबापुरते धरले आहेत. तरीही लक्षात घ्या, दर पाहून जो सर्वांत महाग वाटत होता, तोच इथे सर्वांत स्वस्त निघाला. शिवाय पत्र्याचे मापही दोन प्रकारांनी धरले जाते. साडेतीन फूट रुंदीचा पत्रा शेजारच्या पत्र्यावर चढवून बसवला की सुमारे सव्वातीन फूटच जागा झाकतो, म्हणून दर आणलेल्या पत्र्याचा आहे की झाकलेल्या क्षेत्राचा, हे विचारून लिहून घ्यावे. कोणी ब्रासमध्ये दर दिला, तर गोंधळू नये, क्षेत्रफळाच्या हिशेबात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट.

आता पत्र्याकडे येऊ. अंदाजपत्रकात केवळ "कलर पत्रा, उत्तम दर्जाचा" असे लिहिलेले असेल, तर त्या ओळीला काहीही अर्थ नाही. बाजारात ०.३५ मिलिमीटरपासून ०.५० मिलिमीटरपर्यंतचा पत्रा मिळतो, आणि जाडी सांगण्याच्याही दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत रंग व संरक्षक थर धरून एकूण जाडी सांगतात, तर दुसऱ्या पद्धतीत आतल्या मूळ पोलादाचीच जाडी सांगतात. एकूण जाडी ०.५० असलेल्या पत्र्यात मूळ पोलाद साधारण ०.४५ च्या आसपास असते, त्यामुळे एकाचे ०.४५ आणि दुसऱ्याचे ०.५० हा एकच पत्रा असू शकतो. दुसरा प्रश्न संरक्षक थराचा. तो नुसत्या जस्ताचा आहे की ॲल्युमिनियम-जस्ताच्या मिश्रणाचा, आणि एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम आहे, हे लिहिलेले असावे. ॲल्युमिनियम-जस्ताच्या पत्र्यासाठी १५० ग्रॅम हा चांगला दर्जा मानला जातो. आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा जागेप्रमाणे हलका-जड होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात जेमतेम पाचशे, त्यामुळे माणमधल्या दहिवडीच्या नातेवाइकाने जो पत्रा टाकून समाधान मानले, तोच महाबळेश्वरच्या बाजूच्या मेढ्याच्या घरावर टाकावा, असे म्हणता येणार नाही. माल उतरवताना पत्र्याची खालची बाजू पाहावी. चांगल्या कंपन्यांच्या पत्र्यावर कंपनीचे नाव व जाडी छापलेली असते, आणि ते नाव कोटेशनमधल्या नावाशी जुळले पाहिजे.

कैच्या आणि पर्लिन, म्हणजे कैच्यांवर आडवे टाकून ज्यांना पत्रा जोडतात ते पाइप, यांसाठी जे लोखंड वापरतात, त्याचेही असेच आहे. "चार बाय दोनचा पाइप" असे लिहिल्याने बाहेरचे माप कळते, भिंतीची जाडी कळत नाही, आणि दोन मिलिमीटरऐवजी तीन मिलिमीटर भिंतीचा पाइप घेतला की वजन जवळपास दीडपट होते. म्हणून अंदाजपत्रकात पाइपची जाडी आणि लोखंडाचे अंदाजे एकूण वजन या दोन्ही गोष्टी मागाव्यात व माल येईल तेव्हा काटापावती पाहावी. उसाच्या प्रत्येक खेपेची काटापावती जपून ठेवणारी आपली माणसे घरावर चढणारे लोखंड मात्र नगावर मोजून घेतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता सर्वांत महत्त्वाच्या, परंतु कोटेशनमध्ये बहुधा एका शब्दात उरकल्या जाणाऱ्या गोष्टीकडे वळू, ती म्हणजे फिटिंग. कौलारू छत एका चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास भरते, तर पत्रा पाच किलोच्याही आत. कौले आपल्या वजनाने जागेवर बसून राहतात, पत्र्याला मात्र धरून ठेवावे लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरला सुमारे ४७ किलो येतो, आणि छताच्या कडांवर व आढ्याजवळ तो दाब वरच्या दिशेने ओढ घेतो. चैत्र-वैशाखातल्या वळवाच्या वावटळीत गोठ्यांचे पत्रे शेजारच्या रानात जाऊन पडतात, त्यामागे हेच गणित आहे. म्हणून स्क्रू कोणता, त्याखाली रबराचा वॉशर आहे का, कडेच्या पर्लिनवर स्क्रू किती अंतराने मारणार आणि वळचणीच्या बाहेर पत्रा किती लोंबता ठेवणार, हे प्रत्येकाला विचारावे. जो ठेकेदार या प्रश्नांना न कंटाळता उत्तरे देतो, त्याच्या कोटेशनमध्ये चार-पाच हजार रुपये जास्त असले, तरी मी त्याच्याकडे झुकेन.

पत्रा पर्लिनला धरला, पर्लिन कैचीला धरली, परंतु कैची कशाला धरली? जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या असतात आणि मातीत गाडलेला बोल्ट वाऱ्याच्या ओढीला टिकत नाही. त्यासाठी भिंतीच्या माथ्यावर सळ्या घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा ओतून त्यात कैचीची प्लेट व बोल्ट बसवावे लागतात. हा पट्टा भूकंपातही भिंती एकत्र बांधून ठेवतो, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण पाटण खोऱ्यातल्या घराघरांत असताना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. हा खर्च मोठा असतो. एखादे कोटेशन बाकीच्यांपेक्षा पुष्कळच कमी दिसले, तर सर्वांत आधी त्यात हा पट्टा आहे की नाही, ते पाहावे.

पन्हळीचा उल्लेख सुरुवातीला केला, तिचा हिशेबही सांगतो. आपल्या उदाहरणातल्या ८१६ चौरस फूट जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ३,८०० लिटर पाणी खाली येते, म्हणजे प्रत्येक बाजूच्या पन्हळीला तासाला १,९०० लिटर पाणी वाहून न्यायचे असते. तेव्हा पन्हळीची रुंदी, खाली उतरणारे पाइप किती आणि कोणत्या व्यासाचे, हे आकड्यांत असावे. आढ्यावरचा सांधा झाकणारी रिज कॅप, भिंतीला लागून येणारी पट्टी आणि उन्हाचा ताप कमी करणारा पत्र्याखालचा थर यांचे दरही वेगळे लिहून घ्यावेत. आणि साताऱ्याच्या पेठांतल्या किंवा वाईच्या घाटालगतच्या बोळात घर असेल, तर अखंड लांबीचा पत्रा आत कसा नेणार, हे त्याच वेळी ठरवावे. तो नेता आला नाही, तर मध्ये जोड येतो, जोड आला की सहा इंच तरी पत्रा एकमेकांवर चढवावा लागतो, आणि गळतीची जागाही तीच असते. हमाली कोणाची, हा वाद तर ठरलेलाच.

आता जुन्या मालाविषयी. छतावरून उतरणाऱ्या तुळया, वासे आणि आढे सागवानाचे, ऐनाचे किंवा किंजळाचे असतील, तर त्यांची किंमत अनेकांच्या अंदाजापलीकडे असते. एखादा ठेकेदार "उतरवण्याची मजुरी घेत नाही, जुना माल आम्ही नेतो" असे सांगतो, तेव्हा त्याने मजुरी सोडलेली नसते, ती आपल्याच लाकडातून वसूल केलेली असते. यात गैर काही नाही, पण किंमत दोघांना माहीत असावी. वखारीतल्या माणसाला आधी दाखवून लाकडाची अंदाजे किंमत काढावी आणि ती प्रत्येक कोटेशनमध्ये त्या-त्या अटीप्रमाणे वजा-अधिक करावी. असे केले की कधी कधी कोटेशनांचा क्रमच उलटा होतो. छतावर जुना सिमेंटचा पत्रा असेल, तर गोष्ट निराळी. त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ श्वासात जाणे घातक असते, म्हणून तो हातोड्याने फोडून खाली टाकू नये. पाणी मारून, तोंडाला योग्य मास्क लावून, अखंड उतरवण्याची मजुरी अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवलेली असावी.

जीएसटीबद्दल थोडक्यात सांगतो. माल व मजुरी मिळून दिलेल्या अशा ठेक्यावर तो १८ टक्के असतो, म्हणजे दोन लाखांवर ३६ हजार. रक्कम कर धरून आहे की त्याशिवाय, हे न पाहता केलेली तुलना फुकट जाते. ज्याची नोंदणी नाही, त्याला आपल्याकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. पक्के बिल नसेल, तर पत्र्यावर कंपनीची हमी मागताना अडचण येते, हेही लक्षात ठेवावे.

राहिला पैशांचा आणि हमीचा भाग. लोखंडाचे भाव हलते असतात, त्यामुळे कोटेशन पंधरा दिवसांपुरते असणे रास्त आहे, मात्र आगाऊ रक्कम दिल्यानंतर दर वाढणार नाही, हे लिहून घ्यावे. आगाऊ रक्कम मालाच्या खरेदीपुरती असावी, दुसरा हप्ता कैच्या उभ्या राहिल्यावर आणि तिसरा पत्रा बसल्यावर द्यावा. पत्र्याची हमी कंपनी देते आणि ती गंजण्याबाबत व रंगाबाबत असते, स्क्रूच्या भोकातून गळले तर कंपनी येत नाही, म्हणून कामाची हमी ठेकेदाराकडून वेगळी लिहून घ्यावी. एकूण रकमेतले दहा टक्के पावसाळ्यापर्यंत राखून ठेवण्याची अट मी प्रत्येक कोटेशनखाली घालायला सांगेन. ही रक्कम जोराचा पाऊस सलग दोन-तीन दिवस पडून गेल्यावर, आढे, भिंतीकडेची पट्टी आणि पत्र्यांचे जोड आतून पाहून मगच द्यायची, आणि ही तपासणी ठेकेदाराने स्वतः येऊन आपल्यासमोर करायची, असे स्पष्ट शब्दांत लिहून दोघांनी खाली सही करावी.